पियानो गेला, बेस गेला, आता घरात दोघंच!

कुणाकडे बोलू नका हं, पण आमच्या भाच्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही.

मुलगा चांगला शिकलेला, पगार बरा, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. गेल्या दिवाळीत आला तो काखेत एक चौकोनी, चपटं पाकीट मारून. मला वाटलं, यंदा काजूकतलीचा मोठा बॉक्स. उघडलं तर आत तबकडी! ती वाजवायचं यंत्रही यानंच आधी आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवलंय, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत जागा नाही म्हणून. किंमत विचारली तर आधी 'अगं मावशी, ही सहज मिळत नाही' वगैरे झालं, मग आकडा आला. त्या पैशात हापूसची अख्खी पेटी आली असती, आणि ती निदान चार जणांनी मिटक्या मारत खाल्ली असती.

बरं, तबकडीत आहे काय? एक माणूस ट्रम्पेट फुंकतोय, दुसरा ड्रम्स वाजवतोय. संपलं. गाणारा नाही, पियानोवाला नाही, गिटारवाला नाही, मागून धुमधुमणारा बेससुद्धा नाही. म्हटलं, बाकीची मंडळी उशिरा येणार असतील, ट्रॅफिकमध्ये अडकली असतील. एक बाजू संपली. भाच्यानं तबकडी उलटली. तरी तेच दोघं! लग्नाला बॅण्ड ठरवावा, ऐन वेळी दोघंच दारात उभे राहावेत आणि बाकीचे इसार घेऊन पसार व्हावेत, तसली गत.

आता ट्रम्पेट आपल्याला नवा आहे का? गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या चितळकर रामचंद्रांच्या संगीतात तो ट्रम्पेट ऐकून भगवानदादांबरोबर सगळा महाराष्ट्र नाचला. पण त्यांच्यामागे भरलेलं गोकुळ होतं हो! असं ओसाड घर नव्हतं.

पाव तासात खालचे काका दारात. काका म्हणजे जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला पण जीव तबल्यात अडकलेला माणूस. अजून दर गुरुवारी संध्याकाळी बैठक मारतात, काकू पेटीवर लेहरा धरतात. चाळीस वर्षं धरतायत. तर काका म्हणाले, "गच्चीवरची टाकी फुटली का गं?"

"नाही काका, जॅझ आहे."

काका चप्पल काढून आत आले, खुर्चीत बसले आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागले. सोळा झाली, काही घडलं नाही. दहा धरून पाहिलं. सात धरून पाहिलं. शेवटी हात झटकून भाच्याला म्हणाले, "अरे, सम कुठाय?"

"आहे काका, पण आधी ठरलेली नाही. दोघं मिळून जिथं येतील ती सम."

काकांचा चेहरा बघायला हवा होता. मुलगी पळून गेली हे ऐकून बाप खचावा, आणि मग कळावं की पळून जाऊन तिनं लग्नही केलेलं नाही, तसा.

तर हे घर इतकं ओकंबोकं झालं कसं, ते मी सगळं खणून काढलंय. एकदा प्रकरण हाती लागलं की मुळाशी गेल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुम्ही जाणताच.

सुरुवात न्यूयॉर्कची. तारीख १७ नोव्हेंबर १९५९. कूपर स्क्वेअरला 'फाइव्ह स्पॉट' म्हणून एक साधासुधा गुत्ता. तिथं टेक्ससचा ऑर्नेट कोलमन नावाचा गृहस्थ आपली चौकडी घेऊन उभा राहिला. हातात सॅक्सोफोन, तोही प्लॅस्टिकचा, पांढरा फेक! शेजारी एक किडकिडीत पोरगा, त्याच्या हातात जत्रेतून आणल्यासारखा चिमुकला ट्रम्पेट. तो डॉन चेरी. दुसऱ्याच दिवशी त्याला तेवीस वर्षं पुरी व्हायची होती. बेसवर चार्ली हेडन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. आणि पियानोवर? पियानोवर कुणी नाही. पियानोच नाही.

आता तुम्ही म्हणाल, नसेल पियानो, त्यात एवढं काय? अहो, जॅझच्या घरात पियानो म्हणजे सासू! कोणत्या मात्रेला कोणता कॉर्ड यायचा, त्यावर कोणते स्वर चालतील आणि कोणते चालायचे नाहीत, सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. वाजवणाऱ्यानं कितीही हुंदडावं, पण दिवेलागणीला तिच्या उंबरठ्यात हजर. कोलमननं सासूच घराबाहेर काढली. सासूला गावी पाठवायची चाल आधी पडली होती म्हणा. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला गेरी मुलिगन आणि चेट बेकर बिनपियानोचे वाजवतच होते. पण ती मुलं वळणाची. सासू घरात नसतानाही तिच्या वेळापत्रकानुसार स्वयंपाक करायची. कॉर्डांची ओळ मनात धरूनच सगळं चालायचं. या कोलमनच्या मंडळींनी वेळापत्रकच फाडलं. एक धून म्हणायची, ती संपली की ज्याला जिथं वाटेल तिथं त्यानं जायचं.

मग काय विचारता! दोन आठवड्यांची सुपारी होती, ती दोन महिन्यांवर गेली. सगळं न्यूयॉर्क लोटलं. लिओनार्ड बर्नस्टीन, एवढा मोठा सिम्फनीवाला, त्यानं डोक्यावर घेतलं. रॉय एल्ड्रिज, ट्रम्पेटमधलं बडं प्रस्थ, तो म्हणाला की मी शुद्धीत असताना ऐकलं, पिऊन ऐकलं, यांच्याबरोबर बसून वाजवूनसुद्धा पाहिलं, हे लोक थापा मारतायत. माइल्स डेव्हिसनं तर कोलमनच्या डोक्यात आतून काहीतरी बिनसलंय, असं निदानच करून टाकलं. मॅक्स रोचसारख्या थोर ड्रमवाल्यानं म्हणे कोलमनच्या तोंडावर ठोसा लगावला. आपल्याकडे कुणाच्या गायकीवरून एवढं पेटलं तर माणूस फार तर मध्यंतरात वडा खाऊन घरी जातो.

या सगळ्या धुरळ्यात मला कौतुक वाटतं ते त्या चिमुकल्या ट्रम्पेटवाल्याचं. लोकांनी शिव्या घातल्या त्या कोलमनला, हा आपला शेजारी उभा राहून त्याच्या मनातलं ओळखून वाजवतोय. दोघं एकाच श्वासात धून सुरू करायचे, एकाच श्वासात संपवायचे. मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईसला ते दोघं जुळे भाऊच वाटले. आणि तो ट्रम्पेट 'खेळण्यातला' नाही बरं का, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पॉकेट ट्रम्पेट म्हणतात त्याला. नळी नेहमीच्या ट्रम्पेटएवढीच लांब, जवळपास दीड मीटर, फक्त जिलबीसारखी जास्त वेटोळी घालून आवळलेली. त्यामुळे स्वर तोच निघतो, आवाज मात्र जरा कोंदलेला, लाजरा, कधी घसा बसलेल्या माणसासारखा. चेरीचा ट्रम्पेट पाकिस्तानात बनलेला, असं तेव्हापासून सांगतात. म्हणजे आपल्याच बाजूच्या एखाद्या कारागिरानं लग्नाच्या बॅण्डसाठी ठोकून काढलेली वस्तू न्यूयॉर्कला जाऊन असले उद्योग करत होती, असं मी तरी समजून चालले आहे.

चेरीचं बालपण तर विचारूच नका. जन्म ओक्लाहोमा सिटीचा, वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्समध्ये. आपली शाळा बुडवून दुसऱ्याच शाळेच्या बॅण्डमध्ये जाऊन वाजवायचा! शाळा चुकवून सिनेमाला गेलेली मुलं पाहिली, शाळा चुकवून शाळेत गेलेला हा पहिलाच. शेवटी त्याला वांड मुलांच्या शाळेत घातलं. तिथं तो सुधारायचा, तर तिथं त्याला भेटला बिली हिगिन्स, तोच पुढचा फाइव्ह स्पॉटचा ड्रमवाला. शिक्षणखात्याचे उपकार जॅझवर असे अनेक असतील.

आणि आपल्या तबकडीतला दुसरा नायक, म्हणजे ड्रमवाला? एड ब्लॅकवेल. १९२९ चा जन्म, न्यू ऑर्लीन्सचा. ते गाव म्हणजे मिरवणुकीचं माहेर. तिथं अंत्ययात्रेलाही बॅण्ड लागतो. जाताना संथ भजनं, येताना नाच. बॅण्डच्या मागून छत्र्या, रुमाल नाचवत जे गाव चालतं त्याला 'सेकंड लाइन' म्हणतात. त्याच गावात काँगो स्क्वेअर आहे. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेली माणसं रविवारी तिथं जमून ढोल वाजवायची, नाचायची. ब्लॅकवेलच्या हातात हे सगळं होतं. पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसला असताना त्याची कोलमनशी गट्टी जमली होती. मग १९६० मध्ये हिगिन्सच्या जागी तो न्यूयॉर्कला आला, आणि चेरी-ब्लॅकवेल एका घरात राहायला आले.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला कोलमननं आणखी एक प्रताप केला. एका खोलीत आठ जण कोंबले: दोन सॅक्सोफोनसारखी वाद्यं, दोन ट्रम्पेट, दोन बेस, दोन ड्रम्स. सदतीस मिनिटं न थांबता. तबकडीचं नाव 'फ्री जॅझ', वेष्टनावर जॅक्सन पोलॉकचं चित्र. स्टिरिओ तेव्हा नवलाईचा, म्हणून एक चौकडी डाव्या कानात आणि दुसरी उजव्या. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं! आणि गंमत बघा, चेरी डाव्या बिऱ्हाडात, ब्लॅकवेल उजव्या. मधे भिंत. भाच्यानं मला हेडफोन लावून हे ऐकवलं. पाच मिनिटांत मला पूर्वीच्या चाळीतल्या नळावरची सकाळ आठवली. पण खोटं कशाला बोलू, नळावर कोण काय म्हणतंय हे मला नेहमीच वेगवेगळं ऐकू यायचं.

पुढची आठ वर्षं भराभर सांगते. कोलमनचं बिऱ्हाड मोडलं. १९६५-६६ मध्ये चेरीनं ब्लू नोट कंपनीसाठी स्वतःच्या नावावर तीन तबकड्या केल्या, तिन्हींत ब्लॅकवेल. तोवर बेस होता घरात. १९६७ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर ब्लॅकवेल पियानोवाल्या रँडी वेस्टनबरोबर आफ्रिका फिरून आला. चेरी युरोपात भटकत होता, दिसेल ते वाद्य उचलून पिशवीत टाकत होता. बासरी, घंटा, झांजा, काय वाटेल ते.

आणि मग आलं पॅरिस. २२ ऑगस्ट १९६९.

त्या महिन्यात पॅरिसला नुसती झुंबड होती. जुलैत अल्जीअर्सला आफ्रिकी संस्कृतीचा मोठा उत्सव झाला, तिकडे गेलेले अमेरिकी वादक परतताना पॅरिसला उतरले. 'बीवायजी' नावाच्या कंपनीनं जाळं टाकलं आणि एकाच आठवड्यात तबकड्यांमागून तबकड्या भरून घेतल्या. 'अक्त्युएल' नावाची त्यांची ही मालिका पुढे पन्नाशीच्या वर गेली. पैसे धड मिळाले नाहीत, हे वादकांचं रडगाणं नंतर कित्येक वर्षं चाललं. त्याच कंपनीला पॅरिसमध्ये महोत्सव भरवायचा होता. सरकारला आदल्या वर्षीची विद्यार्थ्यांची दंगल आठवत होती, परवानगी नाकारली. मग ऑक्टोबरच्या थंडीत बेल्जियममधल्या आमूजी नावाच्या खेड्यात, शेतात तंबू ठोकून पाच दिवस धुमाकूळ घातला. सूत्रसंचालनाला फ्रँक झापा, वाजवायला पिंक फ्लॉइड! आपल्याकडे मंडपाची परवानगी नाकारली तर मंडळ फार तर शेजारच्या गल्लीत जातं. ही माणसं शेजारच्या देशात गेली.

तर या अक्त्युएल मालिकेतली पहिली तबकडी म्हणजे आमच्या दिवाणखान्यातली: 'मू, भाग पहिला'. मू म्हणजे पॅसिफिक महासागरात बुडाला अशी दंतकथा असलेला खंड. चेरी आणि ब्लॅकवेल, तिसरं कुणी नाही. आता बेसही बाहेर. सासू आधीच गेलेली, सासऱ्यांनाही निरोप! एका दिवसात दोन तबकड्यांचा ऐवज भरला. दुसऱ्या भागातल्या एका तुकड्याच्या नावात चंद्रावरचा माणूसही आहे, कारण नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरून जेमतेम महिना झाला होता. तिथंही माणसं दोघंच उतरली होती, तिसरा वर घिरट्या घालत होता. इथं तर तिसऱ्याला यानातच घेतलं नाही.

आणि आता ऐका खरी भानगड. ज्या पियानोवरून एवढी मारामारी झाली, तो पियानो या तबकडीत आहे! चेरी स्वतःच मधेच ट्रम्पेट ठेवतो आणि पियानोवर जाऊन बसतो. मग बासरी घेतो. मग घंटा हलवतो. मग तोंडानंच काहीतरी म्हणतो. म्हणजे सासूला वाजतगाजत घालवली आणि मागच्या दारानं पाहुणी म्हणून बोलावली, पण किल्ल्या परत दिल्या नाहीत. दुपारचं यावं, चहा घ्यावा, घटकाभर बोलावं आणि जावं. मला तर यात फार शहाणपणा दिसला, पण हे मी घरात बोलणार नाही.

काका दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, "ते कालचं लाव रे." नाराजीनंच म्हणाले, पण म्हणाले. या खेपेला पेरं मोजली नाहीत, डोळे मिटून बसले. दुसऱ्या बाजूला कुठंतरी त्यांनी एकदम हात वर केला. "थांब. मागे घे." भाच्यानं सुई उचलून मागे ठेवली. काका पुढे वाकले.

"अरे, हा ट्रम्पेटवाला लेहरा धरतोय!"

झालं होतं असं, की चेरी दोन-चार स्वरांची एक छोटी ओळ घेऊन तीच पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ब्लॅकवेल तिच्या अवतीभवती बांधत होता, मोडत होता, पुन्हा बांधत होता. आपल्याला वाटतं ट्रम्पेट म्हणजे नवरदेव आणि ड्रम्स म्हणजे घोडा. इथं घोडाच मिरवत होता. आणि काकांनी दुसरी गोष्ट पकडली ती तर भाच्यालाही ठाऊक नव्हती. म्हणाले, "हा माणूस ढोल सुरात लावून बसलाय. ऐक, हा खालचा, हा मधला, हा वरचा. ही धून आहे, नुसती ठोकाठोक नाही." आणि त्यांनी चक्क ड्रम्सची ओळ गुणगुणून दाखवली. तबल्याच्या माणसाला डग्ग्याचा घुमारा आणि चाटेचा टणत्कार वेगळे ऐकायची सवय असते, ती इथं कामाला आली. ब्लॅकवेलचे चारही हातपाय चार वाटांनी जातात आणि कुणीच कुणाला धडकत नाही. काका म्हणाले, "पेशकार मांडल्यासारखं मांडतोय, घाई नाही." हे त्यांच्या तोंडून म्हणजे पद्मश्रीच.

मग भाच्यानं हळूच त्यांच्यासमोर दुसरं नाव टाकलं. हाच डॉन चेरी १९७८ मध्ये पॅरिसला उस्ताद लतीफ अहमद खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला होता. तबला आणि ट्रम्पेट. ती तबकडी पुढे 'संगम' हा शब्द नावात घेऊनच निघाली. काका ताठ बसले. "दिल्ली घराण्याचे लतीफ अहमद खाँ? हे असल्यांच्यात?" पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. शाळेतला सर्वांत सरळ मुलगा गुत्त्यातून बाहेर पडताना दिसावा, तसं झालं त्यांना.

सत्तरीच्या दशकात या दोघांचे संसार वेगवेगळ्या दिशांना गेले. चेरी स्वीडनला. तिथं तोगार्प नावाच्या खेड्यात त्यानं आणि त्याच्या चित्रकार बायकोनं, मोकीनं, एक जुनी शाळेची इमारत घेतली. घर तिथंच, मैफली तिथंच, मुलांचे वर्गही तिथंच. मोकी कापडाचे रंगीबेरंगी पडदे शिवायची, तेच रंगमंचामागे टांगायचे, तेच तबकडीच्या वेष्टनावर. शाळा बुडवणाऱ्याला शाळेतच घर मिळालं, देवाघरी असाही न्याय असतो. आणि मुलं? सावत्र मुलगी नेने चेरीनं १९८८ मध्ये 'बफेलो स्टान्स' म्हणून गाणं काढलं ते जगभर वाजलं, मुलगा ईगल-आय चेरीचं 'सेव्ह टुनाइट' १९९७ चं. ते तर तुमच्याही घरात वाजलंय, गाण्याचं नाव माहीत नसेल एवढंच. बापाच्या गाण्यावर लोक भांडले, मुलांच्या गाण्यावर नाचले.

ब्लॅकवेलची मात्र मूत्रपिंडं गेली. डायलिसिसवर आला. यावर मी काही तिखटमीठ लावणार नाही. आठवड्यातून काही दिवस यंत्राला जोडलेला माणूस, चारही हातपायांनी वाजवायचं वाद्य, आणि हा पुढे पंधरा-सतरा वर्षं वाजवत राहिला. कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात शिकवत राहिला. १९७६ मध्ये कोलमनकडचे जुने चौघे, चेरी, ब्लॅकवेल, हेडन आणि ड्युई रेडमन, कोलमनला वगळूनच 'ओल्ड अँड न्यू ड्रीम्स' नावानं एकत्र आले आणि कोलमनच्याच धुना वाजवायला लागले. मालकाला बाहेर ठेवून जुन्या भाडेकरूंनी वाडा झाडूनपुसून लख्ख करावा तसं.

मग फेब्रुवारी १९८२. जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग, 'ईसीएम' कंपनी, आणि तेच दोघं. तबकडीचं नाव 'एल कोरासोन', स्पॅनिशमध्ये काळीज. मध्ये तेरा वर्षं गेलेली. आता घरात आणखी पाहुणे: मेलोडिका म्हणजे तोंडानं फुंकायची छोटी पेटी, मालीच्या शिकाऱ्यांचं डोसोनगोनी हे तंतुवाद्य, ऑर्गन, गाईच्या गळ्यातली घंटा. जमैकाच्या रोलंड अल्फॉन्सोच्या नावाचा तुकडा आहे, इजिप्तच्या उम्म कुलसूमला वाहिलेली धून आहे, थेलोनियस मंकचं 'बेम्शा स्विंग' आहे. गावभरच्या ओळखी निघतात, पण मुक्कामाला दोघंच. 'मू' ऐकताना वाटतं, दोन तरुण सगळं सामान अंगणात फेकून उड्या मारतायत. इथं आवाज खाली आलेला. दोघांना एकमेकांचं आता इतकं माहीत आहे की निम्मी वाक्यं अर्धवटच सोडतात. आमच्या काका-काकूंचं भाजीवरचं बोलणं असं असतं. "ती आणलीस?" "हो, पण ते नव्हतं." संपलं.

या दोघांच्या वंशाला दिवा लागला नाही असं समजू नका. रोग पसरला. शिकागोत 'ग्रीन मिल' नावाचा जुना बार आहे, अल कपोन तिथं बसायचा म्हणतात, त्यामुळे वळण कसं असेल ते समजा. तिथल्या बैठकांतून 'शिकागो अंडरग्राउंड' नावाचं गोतावळ्याचं घर उभं राहिलं. कधी अख्खा ऑर्केस्ट्रा, कधी तिघं, कधी चौघं, पण शेवटी टिकलं ते दोघांचं बिऱ्हाड: कॉर्नेटवर रॉब मझुरेक, ड्रम्सवर चाड टेलर. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा जरा गुबगुबीत चुलतभाऊ. १९९८ मध्ये पहिली तबकडी, २०१४ पर्यंत सात. या दोघांनी आणखी वेगळं पाप केलं. माणसं बाहेर काढली आणि जागा भरली संगणकानं! एक हात ड्रम्सवर, दुसरा अंगठ्यानं छेडायच्या आफ्रिकी म्बिरावर, कोपऱ्यात यंत्रं गुरगुरतायत. मझुरेक मधे काही वर्षं ब्राझीलला जाऊन राहिला. तिथं त्यानं मनौसमध्ये विजेचा झटका देणाऱ्या ईल माशांचे आवाज टिपले आणि आपल्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या संगीतात घातले. मासे! आमच्याकडे माशाचा आवाज येतो तो तव्यावर. अकरा वर्षं गप्प बसून २०२५ मध्ये या जोडीनं पुन्हा तबकडी काढली. भाच्यानं ती मागवलीही. हापूसची दुसरी पेटी.

पण मला चुटपुट लागली ती 'एल कोरासोन'चीच. तिच्या शेवटाकडे एक तुकडा येतो, 'निअर-इन', त्यात फक्त ब्लॅकवेल. ट्रम्पेट नाही. आणि दुसरा येतो, 'व्हॉइस ऑफ द सायलेन्स', त्यात फक्त चेरी. ड्रम्स नाहीत. काढता काढता, काढता काढता, शेवटी एकमेकांनाही काढलं! मी भाच्याला म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हते?" तर तो म्हणाला, "नीट ऐक मावशी, दुसरा तिथंच बसलाय, फक्त वाजवत नाहीये." ब्लॅकवेल ऑक्टोबर १९९२ मध्ये गेला, चेरी ऑक्टोबर १९९५ मध्ये स्पेनमध्ये. मी पुन्हा लावून ऐकलं. बाकी कुणाला सांगितलं नाही.

तर आता मुख्य बातमी, जिच्यासाठी एवढं चऱ्हाट लावलं. परवा जिन्यात काकू भेटल्या, हातात भाजीची पिशवी, डोळे भरलेले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे पोटमाळ्यावर जागा आहे का गं? पेटी ठेवायची आहे."

"का हो काकू? गुरुवारची बैठक?"

"चालू आहे की. पण हे म्हणतात, चाळीस वर्षं तू लेहरा धरलास, आता काही दिवस नको धरूस. तुझ्या भाच्याला बोलावलंय. तो बाजा शिकतोय म्हणे, तो फुंकणार आणि हे वाजवणार." पदराला डोळे पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला म्हणाले, तू कोपऱ्यात बस. नुसती बस. वाजवू नकोस."